आधी गाडीखाली वाक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज वाचला. इथल्या अमेरिकी सैन्यात लेफ्टनंट व्हायचं की वॉरंट ऑफिसर, आणि आई म्हणते वॉरंट म्हणजे धड शिपाई नाही, धड साहेब नाही. आईचं राहू दे. माझी आई साताऱ्याहून अजून विचारते, "कॅप्टन कधी होणार रे?" तिचा भाऊ सुभेदार होता, म्हणून सांगून टाकलं, तसलंच काहीसं समज. तसं ते नाही, पण फोनवर किती समजावणार?

लेफ्टनंटला सगळं थोडं थोडं यावं लागतं, वॉरंट ऑफिसरला एकच काम मुळापासून. खांद्यावर चंदेरी पट्टी, तिच्यावर एक काळा चौकोन. बढतीबरोबर चौकोन वाढत चारपर्यंत जातात, पाचव्या पायरीला त्यांची एक काळी रेघ होते. पण पट्टीचं नंतर. काम येतं का तुला?

सैन्याच्या चाचणीतला जीटी स्कोअर ११०च्या वर, सुरक्षा क्लिअरन्स आहे, सगळं लिहिलंस. गेल्या ड्रिलला, म्हणजे महिन्याच्या सरावाला, मोटर पूलमध्ये, गाड्यांच्या तळावर, काय केलंस ते नाही लिहिलंस. थंडी होती, मान्य. तू गाडी तपासणीचा ५९८८चा फॉर्म बोनेटवर ठेवून टिका मारत सुटलास. गाडीखाली वाकला नाहीस. मागच्या डाव्या चाकाखाली रुपयाएवढा डाग होता. तू गेल्यावर मी बोट लावून हुंगला. गिअर ऑइल. हबचं सील गेलेलं. त्या ट्रकमध्ये पोरं बसणार होती, बाबा!

आपल्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात, महिन्याला एक शनिवार-रविवार आणि वर्षाला दोन आठवडे. एवढ्यात हात बसत नाही, ही सबब मला सांगू नकोस. मी बाकीचे दिवस बस डेपोत पान्हे फिरवले. म्हणून म्हणतो, गाडीखाली वाक.

वॉरंट ऑफिसरच्या अर्जाची माझी पहिली फाईल परत आली होती. शेरा : पूर्ण पात्र, निवड नाही. वर्षभर निवड बोर्डाला शिव्या घातल्या. खरं असं, की ज्या वरिष्ठ वॉरंट ऑफिसरचं शिफारसपत्र मी घेतलं, त्यानं मला कधी नट सोडवतानाही पाहिलं नव्हतं. भिडेखातर दिलं त्यानं, गुळगुळीत. नंतर मी रुसून बसलो. पुन्हा अर्ज केला तेव्हा एकेचाळीसचा होतो, आणि वयाची अट ४६ची. ती वर्षं माझ्याच हट्टानं गेली.

माझ्याबरोबरचे दोघं आज मेजर आहेत. मला हेवा वाटत नाही. खरंच नाही. बंद पडलेल्या गाडीपाशी त्यातला एक मला फोन लावतो, एवढं पुरे आहे मला.

तुला माझं शिफारसपत्र हवंय ना? पुढच्या ड्रिलला सकाळी सहाला ये. अंथरायला पुठ्ठा मी आणतो. टॉर्च तुझा तू आण, गेल्या वेळी माझा नेलास तो अजून परत आलेला नाही.

तुझा,
काका