हायड्रोमीटर 1.000 च्या खाली गेला, म्हणजे बिघडला का?

प्रश्न : बोरिवलीत घरी काळ्या द्राक्षांची वाइन घातली आहे. साखर घालून ढवळल्यावर लगेच हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड ते दाखवणारी तरंगती काचनळी; पाण्याला 1.000) लावला, तेव्हा 1.078 दिसले. अठरा दिवसांनी 0.994. पाण्यापेक्षाही कमी कसे? अल्कोहोल किती धरायचे?

उत्तर : हायड्रोमीटर ठीक आहे. साखरेने रस जड होतो. यीस्टने ती संपवली की उरते मुख्यतः पाणी आणि अल्कोहोल, आणि अल्कोहोल पाण्याहून हलके. म्हणून गोडी पूर्ण उतरलेली वाइन 1.000 च्या खाली जातेच.

1.078 वजा 0.994 म्हणजे 0.084. त्याला 131.25 या ठरलेल्या गुणकाने गुणा : 11 टक्के अल्कोहोल. पण तुमच्या बाबतीत खरे अल्कोहोल याहून जास्त असण्याची शक्यता आहे, कारण खोट पहिल्या नोंदीत आहे. लगेच मोजले तर साखरेचे दाणे तळाशी बसलेले असतात आणि वरचा रस पातळ असल्याने आकडा कमी येतो. न फुटलेल्या द्राक्षांतली साखरही नंतर उतरते. पुढच्या वेळी द्राक्षे नीट कुस्करा, साखर थोड्या रसात पूर्ण विरघळवून मिसळा आणि गाळलेला रस मोजा.

उकाड्याचेही बघा. दांडीवर 20 अंश (पट्टी ज्या तापमानाला बरोबर दाखवते ते) लिहिले असेल आणि रस 30 अंशांवर असेल, तर नोंदीत साधारण 0.003 मिळवा. दोन्ही वेळा तापमान सारखे असेल तर वजाबाकी बदलत नाही. फ्रिजमधून काढलेला रस मोजला तर बदलते. आंबताना काचेला बुडबुडे चिकटून हायड्रोमीटर वर उचलला जातो. तो बोटांनी गरकन फिरवा, स्थिरावल्यावर वाचा.

प्रश्न : पहिली नोंद राहूनच गेली. घरात दुधाचा लॅक्टोमीटर आहे, तो चालेल?

उत्तर : नाही. त्याची पट्टी 1.040 च्या आसपास संपते, 1.000 च्या खाली तर काहीच नसते. हायड्रोमीटरच आणा. 200 मिली वाइन गॅस निघून जाईपर्यंत ढवळा आणि मोजा. मग खिडकी उघडी ठेवून मंद आचेवर निम्मी आटवा. अल्कोहोल उडून जाते. थंड करून पाण्याने पुन्हा बरोबर 200 मिली करा आणि पहिल्याच तापमानाला मोजा. आकडा 0.0135 ने वाढला तर सुमारे 10 टक्के, 0.016 ने वाढला तर 12 च्या आसपास. इथे 0.001 ची चूक म्हणजे पाऊण टक्क्याचा फरक, त्यामुळे डोळा दांडीच्या समपातळीवर आणून वाचा.