'त्लापाल्ली' आणि 'नोचेस्त्ली' : दोन्हींना किरमिजी म्हणावे का?

प्रश्न असा : मेक्सिकोच्या नाहुआ लोकांच्या चित्रकलेवरील मजकुरात त्लापाल्ली आणि नोचेस्त्ली हे दोन शब्द वारंवार येतात. मराठीत दोन्हींसाठी 'किरमिजी' चालेल का?

नोचेस्त्लीसाठी चालेल, त्लापाल्लीसाठी नाही. नाहुआत्ल भाषेत 'पा' हा रंगवण्याचा धातू. त्यावरून त्लापाल्ली, म्हणजे रंगद्रव्य किंवा रंग. संदर्भाने तो लालही होतो. पण 'इन त्लिल्ली, इन त्लापाल्ली' (काळी शाई आणि रंग) ही जोडी आली की तिचा अर्थ पोथीतली विद्या. चित्र काढणे आणि लिहिणे यांना क्रियापद एकच, आणि दोन्ही करणारा तो त्लाकुइलो. तिथे किरमिजी लिहिले तर अर्थच बुडतो.

नोचेस्त्ली मात्र नेमका पदार्थ आहे. नोच्त्ली म्हणजे निवडुंगाचे फळ, एस्त्ली म्हणजे रक्त. फड्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्याच्या मादीत हा रंग असतो. पांढऱ्या मेणचट थराखाली दडलेल्या माद्या फडांवरून झाडून काढायच्या, गरम पाण्याने किंवा उन्हात मारायच्या आणि कडक वाळवायच्या. ओल राहिली तर माल बुरसतो. किलोभर सुक्या मालाला सुमारे दीड लाख किडे लागतात. त्यात 17 ते 24 टक्के कार्मिनिक आम्ल, म्हणजे लाल रंगद्रव्य, असते. माल कुटून उकळला आणि तुरटी घातली की तुरटीतले ॲल्युमिनियम रंगाला धरून ठेवते व भरदार लाल मिळतो. तुरटीला नाहुआ त्लालशोकोत्ल, म्हणजे आंबट माती, म्हणत. आंबट जास्त झाले तर रंग नारिंगीकडे झुकतो, खार पडला तर जांभळा होतो आणि लोखंडाचा संसर्ग झाला की काळवंडतो.

भेसळीलाही त्यांच्याकडे शब्द होता. स्पॅनिश धर्मप्रचारक बेर्नार्दिनो दे सहागून यांनी नाहुआ जाणकारांसह 1577 च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात त्लापालनेश्त्ली, म्हणजे राखाडी माल, खडू किंवा पीठ मिसळलेला म्हणून वेगळा सांगितला आहे. याला सरळ 'भेसळीचा किरमिजी' म्हणावे.

आता किरमिजीकडे. हा शब्द फारसीतून आला. मूळ किर्मिझ म्हणजे भूमध्य सागराकडच्या ओकवरचा किडा, आणि त्याचे नाते आपल्या कृमीशी. तो किडा वेगळा, त्याचे रंगद्रव्यही थोडे वेगळे. म्हणून छटेला किरमिजी आणि अमेरिकी किड्याला कोचिनील म्हटले तर घोटाळा होत नाही.

भाषांतरात मला खरी खटकते ती वेगळीच गोष्ट : सगळ्या लालांना नुसते 'लाल' म्हणणे. त्लावित्ल म्हणजे गेरू, आणि आचियोत्ल म्हणजे शेंद्री. हे झाड मूळचे अमेरिकेचेच. नेमके मराठी शब्द हाताशी असताना सोडायचे कशाला? साकात्लाश्काल्ली हा पिवळा अमरवेलीच्या जातीपासून करत. वेल ठेचून चपट्या वड्या थापत, म्हणून नावात त्लाश्काल्ली, म्हणजे मक्याची भाकरी. निळ्या तेशोत्लीत तो मिसळला की हिरवा होई. मात्लाल्ली हा निळा आपल्या केन्याच्या भावकीतल्या फुलांचा. आणि त्लिल्ली म्हणजे चिरपाइनच्या जातीच्या राळदार लाकडाची काजळी, खास भांड्यात धरलेली. तिला 'काजळीची शाई' हा शब्द चपखल बसतो.