डॅशबोर्डला वेगळा दरवाजा नको

चि.,
अनेक आशीर्वाद.

निरोप वाचला. दूध संस्थांच्या ॲपमध्ये ‘ॲनालिटिक्स’ असा नवा मेनू काढून त्यात ‘सगळ्यांसाठी’ म्हणून अकरा चार्टांचा डॅशबोर्ड बसवलास, आणि महिन्याभरात तो तुझ्या साहेबांशिवाय कुणी उघडला नाही. मनाला लावून घेऊ नकोस. मीही हेच करून बसलो होतो, आणि माझे चार्ट सतरा होते.

एकदा पहाटे पाचला एखाद्या संकलन केंद्रावर जाऊन ये. रांगेत पंधरा-वीस माणसं कॅन घेऊन उभी असतात, सचिवाचे हात दुधाने ओले असतात. तो मेनू शोधत बसणार आहे का? पण समोरच्या उत्पादकाची फॅट 4.1 वरून 3.3 वर आली, तर वाद तिथेच आणि त्याच मिनिटाला होतो. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याच्या खाली गेलं की पैसे कापले जातात. म्हणून नोंदीच्या खिडकीतच त्या माणसाच्या मागच्या दहा वेळांच्या फॅटची एक बारीक रेघ दाखव आणि तिच्याखाली पूर्ण केंद्राच्या सरासरीची दुसरी. दोन्ही रेघा एकदम खाली आल्या तर मशीन तपासायचं. एकच आली तर गोठ्यातल्या चाऱ्याची चौकशी करायची. सचिवाला हवं ते एवढंच, आणि त्यासाठी त्याला एकही बटण दाबावं लागत नाही.

आता तुझ्या ‘सगळ्यांसाठी’ या शब्दाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. सचिव, उत्पादक, मुख्य कार्यालय, सगळ्यांना एकच चार्ट दाखवायचा, पण प्रत्येकाला आपापलंच दिसलं पाहिजे. पूर्वी एका कामात मी आयफ्रेमच्या, म्हणजे ॲपच्या पानात चार्ट बसवायच्या चौकटीच्या, पत्त्यातच संस्थेचा क्रमांक ठेवला होता. एका हुशार सचिवाने 41 चं 42 केलं आणि शेजारच्या संस्थेचं संकलन वाचून दाखवलं, तेही मीटिंगमध्ये, चहा यायच्या आधी. पडद्यावरचा फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. चार्टसाठी मेटाबेस हे सॉफ्टवेअर वापरत असशील तर संस्था क्रमांक ‘लॉक’ कर आणि टोकनवर, म्हणजे चार्ट उघडायच्या डिजिटल पासवर, सही सर्व्हरवरच होऊ दे. तसंच दुसरं सॉफ्टवेअर, सुपरसेट, असेल तर गेस्ट टोकनबरोबर कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचा नियम जोडता येतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्येही 9.5 आवृत्तीपासून रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ओळीनिहाय बंदोबस्त, आहे, पण एक मेख लक्षात ठेव: टेबलाच्या मालकाला ती लागू होत नाही, मुद्दाम ‘फोर्स’ केल्याशिवाय. आणि आपल्याकडची निम्मी ॲपं मालकाच्याच लॉगिनने डेटाबेसला जोडलेली असतात!

दुसरं, पहाटेचं दूध. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. 11 तारखेला पहाटे 5:10 ला घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी 10 तारखेच्या रात्रीचं, 11:40 चं. बिल दहा दिवसांचं, 10 तारखेला एक संपतं आणि 11 ला दुसरं सुरू होतं, म्हणून ते मागच्या बिलात जाऊन बसतं, आणि 5:40 ला आलेल्याचं मात्र बरोबर पुढच्यात. चार्टचा आकडा आणि हातातली बिलाची पावती यांत एकदा फरक दिसला, की तो माणूस पुन्हा चार्टकडे बघत नाही. मीही बघितलं नसतं. म्हणून दिवसाची बेरीज आशिया/कोलकाता वेळेनेच कर, आणि शक्य असेल तर बिल आणि चार्ट दोन्ही एकाच क्वेरीवर (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नावर) चालव.

किरकोळ गोष्टी: आकडे लाख-कोटीत दाखव, ‘1.2एम’ (मिलियन) कुणाच्या घरात बोलत नाहीत. जड क्वेरी मुख्य डेटाबेसवर टाकू नकोस, त्यासाठी रेप्लिका, म्हणजे त्याची चालती प्रत, ठेव. नाहीतर साहेबांचा वार्षिक चार्ट लोड होईपर्यंत केंद्रावरचा वजनकाटा अडकलेला.

अकरातले आठ चार्ट काढून टाक. साहेबांचे तीन राहू देत, बजेट तेच मंजूर करतात. आणि 11 तारखेच्या पहाटेच्या नोंदी आजच तपासून बघ, त्या कुठल्या बिलात गेल्यात ते मला कळव.

तुझा,
दादा