अंदमान आणि आईंची व्हीलचेअर

आईंना व्हीलचेअरवरून अंदमानला नेताय ना, मग हॉटेल नंतर, आधी बोटीचं बघा. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) हॅवलॉक बेटावर (आता स्वराज द्वीप) जाणारी बोट भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. धक्क्यावरून आत जायची फळी कधी सपाट, कधी चांगलीच उतरती. तिकीट काढतानाच व्हीलचेअर असल्याचं सांगा, आणि चढवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागणारच हे धरून चाला. तिथल्या राधानगर किनाऱ्याच्या मऊ वाळूत पुढची लहान चाकं रुततात. खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्या. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, जायला जिना. उचलून नेण्याचा हट्ट नको (बहुतेकदा तो मुलांचाच असतो). खालचं अंगण, फाशीघर निवांत बघू दे. खुर्ची बॅटरीची असेल तर विमान कंपनीला आधीच विचारा.