९ आणि ७ ची सरासरी ८ येते, मग माझा सीजीपीए ७.९ कसा?

तुम्ही विचारलंय की पहिल्या सत्राला ९.० आणि दुसऱ्याला ७.० एसजीपीए (एका सत्राची ग्रेड सरासरी) असताना गुणपत्रिकेवर सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) ७.९ छापलाय, तर परीक्षा विभागात अर्ज करावा का, आणि या ७.९ चे टक्के किती धरायचे.

अर्ज करू नका. गुणपत्रिका बरोबर असणार, गणित तुमचं चुकलंय. दोन्ही सत्रांचे क्रेडिट, म्हणजे सरासरीत त्यांना किती वजन आहे ते, तुम्ही प्रश्नात लिहिलेलेच नाहीत आणि सगळी गोम तिथेच आहे. समजा पहिलं सत्र १८ क्रेडिटचं आणि दुसरं २२ चं. १८ गुणिले ९ म्हणजे १६२, २२ गुणिले ७ म्हणजे १५४. बेरीज ३१६, भागिले ४०, उत्तर ७.९. तुमचे खरे आकडे घालून बघा, असंच काहीतरी निघेल.

इतक्या ठामपणे सांगते, कारण हीच चूक मी केली होती आणि तिच्यापायी मी अजून बोलणी खाते आहे.

तिसऱ्या सत्राचे ग्रेड एकेक करून कळत गेले, छापील गुणपत्रिका यायला अवकाश होता. मी वहीच्या मागच्या पानावर अंक मांडले: ५, ६, ७, ७, ९ आणि तीन प्रॅक्टिकलना १०, १०, १०. बेरीज ६४, विषय आठ, सरासरी ८. घरी सांगून टाकलं की आठ पडतोय. दादा लगेच म्हणाला, "म्हणजे ऐंशी टक्के." दोन आठवड्यांनी गुणपत्रिका हातात आली. त्यावर ७.०५.

दादाचा पहिला प्रश्न होता, "कुठला विषय राहिला?" मी म्हटलं, एकही नाही. "मग एक अख्खा पॉइंट गेला कुठे?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. बाबा काहीच बोलले नाहीत, त्यांनी गुणपत्रिका घडी घालून परत दिली. त्या दिवसापासून मी निकाल लपवते असं घरात ठरून गेलं.

पुढच्या सत्रात वरच्या वर्गातल्या एका मुलीने क्रेडिटच्या रकान्यावर बोट ठेवलं. माझे ५ आणि ६ होते चार-चार क्रेडिटच्या विषयांत. दोन्ही ७ तीन-तीन क्रेडिटचे, ९ दोन क्रेडिटचा. आणि ज्या तीन दहांवर मी उड्या मारत होते, ती प्रॅक्टिकल्स एकेका क्रेडिटची. २० अधिक २४ अधिक २१ अधिक २१ अधिक १८ अधिक ३०, एकूण १३४. क्रेडिट १९. भागा, ७.०५ येतात. पॉइंट कुठे गेलाच नव्हता, तो कधी मिळालेलाच नव्हता.

मी ते पान घेऊन दादाकडे गेले. तो म्हणाला, "उत्तर माहीत असल्यावर हिशेब कुणालाही जुळवता येतो."

यातून जे शिकले ते स्पष्ट सांगते. चार क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर सरकलात तर भागण्याआधीच्या बेरजेत चार पॉइंट वाढतात. एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये तेवढेच मिळवायला चार ग्रेड चढावे लागतात. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला साधारण आठवड्याचे दोन तास जातात, लेक्चरच्या एका क्रेडिटला एक, त्यामुळे राबलो तिथे जास्त म्हणून वजनही तिथेच जास्त असणार असं वाटतं. तसं नसतं. मी वह्या सजवत बसले आणि गणिताला ५ घेतले. आणि जे काही करायचं ते लवकर करा. १२० क्रेडिट ७ ने झाल्यावर पुढच्या २० क्रेडिटना सगळीकडे १० पाडलेत तरी एकूण ७.४३ च होतो.

आता टक्के. सीजीपीएला दहाने गुणून टक्के काढणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. ग्रेड म्हणजे पट्टा असतो. आमच्याकडे ६० ते ६९ ला ७ आणि ७० ते ७९ ला ८ होते. ६० वाल्यालाही ७ आणि ६९ वाल्यालाही ७. एकदा पट्ट्यात टाकल्यावर आतले मार्क पुसले जातात, ते दहाने गुणून परत कसे येतील? माझा एक ७ हा ६९ मार्कांचा होता. आणखी एक मार्क असता तर त्या तीन क्रेडिटच्या विषयात तीन पॉइंट वाढले असते आणि ७.०५ चा ७.२१ झाला असता. दादाच्या हिशेबाने एका मार्काने मी दीड टक्का हुशार झाले असते. साडेनऊने गुणणारे वेगळेच. ते सूत्र सीबीएसईने दहावीच्या निकालासाठी दिलं होतं, ते पदवीच्या गुणपत्रिकेला चिकटवायला कुणी सांगितलं? तुमच्या ७.९ चे टक्के किती ते तुमच्या विद्यापीठाचं सूत्र सांगेल, बऱ्याचदा ते गुणपत्रिकेच्या मागेच छापलेलं असतं. मी सांगितलेला आकडा कुठल्याही अर्जात चालणार नाही.

काही गोष्टी राहिल्या. नापास विषयाला शून्य मिळतं, पण त्याचे क्रेडिट बऱ्याच ठिकाणी भाजकात राहतात, म्हणून फटका दुप्पट वाटतो. तो विषय पुन्हा दिल्यावर काही ठिकाणी जुना ग्रेड पुसतात, काही ठिकाणी दोन्ही धरतात. नुसत्या 'पास' शेऱ्याचे विषय सहसा सरासरीत येत नाहीत. आणि हे सगळं १० च्या मापाचं आहे. अमेरिकेत ४ चं माप चालतं, ए ला ४, बी ला ३, सी ला २. तिकडे अर्ज करणार असाल तर ०.४ ने गुणून स्वतःच ३.१६ लिहून मोकळे होऊ नका. ज्या विद्यापीठात अर्ज करताय ते मूळ मापातला आकडा मागतं का ते आधी बघा.

दादा अजूनही घरात कुणाचा निकाल लागला की ती गोष्ट काढतो. तो या साइटवर वाचतो हे मला माहीत आहे. दादा, माझा एकही विषय राहिला नव्हता. गुणपत्रिका बाबांच्या कपाटात आहे, क्रेडिटचा रकाना ग्रेडच्या डाव्या बाजूला आहे.