आधी वजन उतरवायचं, की आधी बीमवर चढायचं?

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा, वजन 44 किलो. जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात बीमवर, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या अरुंद, उंच पट्टीवर, त्याचा तोल सारखा जातो. ‘आधी वजन उतरवा, मग आणा,’ असं सांगण्यात आलं. थांबावं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : थांबू नका. मुलाला घरी बसवलं तर वजन उतरणार कशानं? बदलायचा आहे तो व्यायामांचा क्रम.

एका पायावर उभं राहिलं की शरीर सतत किंचित डुलतं आणि घोट्याभोवतीचे स्नायू त्याला परत मध्यावर आणतात. वजन जास्त असेल तर त्याच स्नायूंना जास्त भार परतवावा लागतो. मूल वेंधळं आहे असा याचा अर्थ नाही.

स्पर्धेतला बीम 5 मीटर लांब, 10 सेंमी रुंद आणि 125 सेंमी उंच असतो. त्यातली रुंदी घ्या, उंची तूर्त विसरा. फरशीवर 10 सेंमीची पट्टी आखून त्यावर टाचेला अंगठा जुळवत चालायला लावा. हात बाजूला, नजर पट्टीच्या टोकाला. मुलं पावलांकडे बघतात, मग डोकं पुढे झुकतं आणि पाठोपाठ धडही जातं. नवशिक्यांचं बहुतेक घसरणं इथलंच. सलग 3 फेऱ्या बिनचूक झाल्या की तेवढ्याच रुंदीची, न डुगडुगणारी, 10 सेंमी उंचीची फळी घ्या. त्यापुढे उंची न वाढवता काम वाढवा : उलटं चालणं, मध्येच वळणं, चालता चालता चेंडू झेलणं. जोडीला एका पायावर आधी 10 सेकंद, हळूहळू 30. मग भिंतीलगत डोळे मिटून. लंगडीही उत्तम, पण मातीवर आणि छोट्या फेऱ्यांत.

उडी मात्र जपून. 15 सेंमीच्या पायरीवरून 5-5 उड्या, 4 वेळा. आधी चवडे टेकवायचे, मग टाचा. गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. ‘धप्प’ असा आवाज आला तर गुडघे ताठ राहिले असं समजा. गुडघे आत वळत असतील तर याहून उंच पायरी घेऊ नका.

कोलांटीउडीची घाई अजिबात नको. हातांना भार पेलला नाही की तो मानेवर येतो. आधी अस्वलचाल, म्हणजे तळहात-तळपाय जमिनीवर आणि कंबर वर. 10 मीटरच्या 3 फेऱ्या. मग उताराच्या मॅटवरून कोलांटी : हनुवटी छातीला, टाळू टेकता कामा नये. मदतीचा एक हात डोक्यामागे, दुसरा मांडीमागे. दंड धरून ओढायचं नाही.

आठवड्यातून 3 दिवस, 45 मिनिटं पुरे. बाकी दिवशी मैदानावर खेळू द्या. प्रगती वजनकाट्यावर मोजू नका. वाढत्या वयात उंची वाढली आणि वजन तेवढंच राहिलं, तर तोही फायदाच.

प्रश्न : मुलगी 8 वर्षांची, अगदी बारीक. चक्रासन सहज करते, पण हातांवर उभी राहिली की पाठीची कमान होऊन पडते. असं का?
– एक बाबा, पुणे

उत्तर : लवचीकपणा आहे, पण पोटाच्या स्नायूंची पकड नाही. वजन कमी असल्यानं बाकी प्रकार जमून जातात आणि ही उणीव झाकली जाते. काही आठवडे मागे वाकण्याचे प्रकार कमी करा. उताणं झोपून कंबर जमिनीला चिकटवायची, हात कानांजवळ, खांदे व पाय जरासे उचललेले. 10 सेकंद, 5 वेळा. कंबर सुटली तर गुडघे वाकवा, सेकंद वाढवू नका. मग पोट भिंतीकडे ठेवून, पायांनी भिंत चढत हातांवर उभं राहणं. पाठ भिंतीकडे असेल तर कमान परत येते. मनगट दुखू लागलं तर त्या दिवशी हातांवर भार नको. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. बारीक मुलीला रिकाम्या पोटी पाठवू नका. तासभर आधी एखादं केळं पुरतं.

प्रश्न : वर्गात 20 किलोची आणि 45 किलोची मुलं एकत्र आहेत. साहित्य वेगळं लागेल का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : मॅट दोन्ही वजनांवर तपासा. हलकं मूल ज्या मॅटवर अलगद उतरतं, तीच जड मुलाखाली पार दबून जमिनीला टेकते. फार मऊ गादीही नको, त्यात घोटा मुरगळतो. एकमेकांना आधार देणाऱ्या मुलांच्या जोड्या साधारण सारख्या वजनाच्या लावा. उडीच्या स्प्रिंगबोर्डच्या स्प्रिंगा काढता-घालता येत असतील, तर हलक्या मुलांसाठी कमी ठेवा. सगळ्या तशाच ठेवल्या तर बोर्ड त्यांच्या वजनानं दबतच नाही.