सासऱ्यांना जिताडा हवाय

प्रश्न : माझे सासरे अलिबागजवळच्या शहापूरचे. पुढच्या महिन्यात त्यांना ऐंशी पूर्ण होतील. कधी काही मागत नाहीत, पण यंदा म्हणाले, "जिताड्याचं कालवण मिळालं तर बघ." मी नागपूरची, माहेरी रोहू आणि मरळ खाऊन वाढले. इथली मासळीवाली म्हणते, "जिताडा नाही येत, रावस न्या." शेवटी एका दुकानातून 'भेटकी' लिहिलेल्या बिनकाट्याच्या तुकड्या आणल्या. त्या टोपात विरघळून गेल्या. बाबा काही न बोलता जेवले. खरा जिताडा कुठं मिळेल, ओळखायचा कसा आणि करायचा कसा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, "काही न बोलता जेवले" या चार शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. मी पोयनाडच्या बाजूची, त्याच खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली. आमच्या घरामागं तळं होतं. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची बोटभर पिल्लं खाडीलगतच्या खाजणात शिरायची. वडील ती घमेल्यातून आणून तळ्यात सोडायचे. लहानमोठी एकत्र सोडायची नाहीत, कारण मोठं पिल्लू धाकट्याला गिळतं. दोन वर्षं तो मासा तळ्यात वाढायचा आणि जावई पहिल्यांदा आला, कुणाचं लग्न ठरलं, की मगच जाळं पडायचं. बाजारात न्यायचा मासाच नव्हता तो. तुमच्या मासळीवालीकडे तो दिसत नाही त्याचं अर्धं कारण हेच, तो गावातच संपतो. आता तर बांध फुटून शेतांत खारं पाणी शिरलंय, कित्येक तळी बुजलीत, त्यामुळे गावातही तो दुर्मीळ झालाय.

शोधायचा तर त्याची सगळी नावं पाठ करा. गोव्यात तो चोणक, बंगाल्यांची भेटकी तीच, आणि ऑस्ट्रेलियातला बारामुंडीही हाच. पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी लवकर जा आणि 'खाडीची मासळी' कोण आणतं ते विचारा. जिताडा नाही म्हणाले तर अख्खी भेटकी मागा. पुण्यात बंगाली कुटुंबं भरपूर आहेत, त्यांच्यासाठी ती येते. मात्र अख्खीच मागा. बिनकाट्याच्या तुकड्यांत भेटकी म्हणून बासा हा स्वस्त, मऊ मासा खपवणं सर्रास चालतं, आणि तुमच्या टोपात विरघळला तो बासाच असावा असं मला वाटतं. जिताड्याचं मांस घट्ट असतं, शिजल्यावर त्याच्या जाड पाकळ्या सुटतात, लगदा होत नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते. सासऱ्यांच्या गावी कुणी नातलग असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा. खाडीचा मासा फोन केला की लगेच मिळतो असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाळ्यात लागण्याची आशा जास्त, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या दिवसांत कमी, म्हणून वाढदिवसाच्या आधीचं उधाण गाठा. पेणहून खोपोलीमार्गे पुणं काही लांब नाही. कल्ले आणि आतडी तिथंच काढायला लावा, डोकं ठेवा, आणि बर्फात आणताना मासा वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका.

दीड-दोन किलोचा पुरे. जिताडा जन्मतो तो नर, वय आणि वजन वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे पाच-सहा किलोची गाबोळीवाली (पोटात अंडी असलेली) म्हणजे पुढच्या पिल्लांची आई. पावसाळ्याच्या तोंडावर ती कुणी कौतुकानं दाखवली तरी घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. शेततळ्यातला मिळाला तर नाक मुरडू नका. चेन्नईच्या 'सीबा' या सरकारी संस्थेनं १९९७ मध्ये याचं बीज तयार करून दाखवलं, आज असा वाढवलेला जिताडाही चांगला मिळतो.

ओळखायला सोपा आहे. बाजूनं बघा : पाठ उंच, पण डोळ्यावरून तोंडाकडे येताना डोकं पळीसारखं आत दबलेलं. तोंड मोठं, जबडा डोळ्याच्याही मागं जातो. शेपटी गोल, पंख्यासारखी. रावसाची शेपटी दुभंगलेली असते, तिथंच फसवणूक उघडी पडते. ताज्या जिताड्याचा डोळा उजेडात सोनेरी-तांबूस चमकतो. मी लहान असताना बॅटरीच्या उजेडात तळ्यातले ते डोळे निखाऱ्यासारखे दिसायचे. कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र करवतीसारखी असते, बोट जपा.

आता कालवण. डोक्याचे दोन भाग, बाकी दोन बोटं जाडीच्या तुकड्या. पोटातलं काळं पातळ आवरण खरवडून काढा. मीठ-हळद चोळून पंधरा मिनिटं ठेवा. तळ्यातला असेल तर थोडा चिंचेचा कोळही चोळा, चिखलाचा वास आंबटानं जातो. पसरट टोपात तेल जरा सढळ हातानं घ्या. लसणाच्या पंधरा पाकळ्या सालीसकट ठेचून घाला आणि तांबूस होऊ द्या. मग हळद, तीन चमचे आगरी मसाला, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ, पाणी. आगरी मसाला मात्र गावाहूनच मागवा, इथल्या तिखटावर ती चव येणार नाही.

रस्सा खळखळला की आधी डोकं सोडा. सहा-सात मिनिटांनी तुकड्या, आणि त्यानंतर सात-आठ मिनिटं बास. त्यात डाव घालायचा नाही. फडक्यानं टोपाचे कान धरून गोल हलवा. शेवटी मूठभर कोथिंबीर. खोबऱ्याचं वाटण घालायचा मोह होईल, पण आमच्या घरी जिताड्याला ते कधी घातलं नाही. रस्सा डोक्यातूनच दाट होतो, वर तेलाचा तवंग येतो, आणि खोबरं त्यावर पांघरूण घालतं.

सकाळी करा आणि रात्री वाढा, तोवर आंबट-तिखट आतपर्यंत मुरतं. सोबत तांदळाची भाकरी. डोकं बाबांच्या ताटात वाढा आणि काट्यांसाठी शेजारी एक रिकामी वाटी ठेवा. त्यांना जेवायला वेळ लागेल, कुणाला घाई करू देऊ नका.